गोळी चालू आहे? मग पावडरचंही डॉक्टरांना सांगा

जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतील बंधू-भगिनींना जाहीर आवाहन

दुकानातली गर्दी ओसरेपर्यंत बामच्या डब्या न्याहाळत उभा राहणारा माणूस आम्हा मेडिकलवाल्यांना लांबूनच ओळखू येतो. शेवटचं गिऱ्हाईक गेलं की तो हळूच विचारतो, "ती गोयी शे का, भाऊ?" हल्ली त्यापाठोपाठ दुसरा प्रश्न येतो: जिमवाले घेतात ती आर्जिनिनची पावडर सोबत घेतली तर गुण जास्त येईल का?

कल्पना अगदीच बिनबुडाची नाही. रक्तवाहिन्या सैल होऊन लिंगात रक्त भरतं, तेव्हा ताठरता येते. सैल होण्याचा निरोप नायट्रिक ऑक्साइड देतो आणि शरीर तो आर्जिनिन या अमिनो आम्लापासून बनवतं. ती गोळी, म्हणजे सिल्डेनाफिल किंवा टॅडालाफिल, हा निरोप तयार करत नाही, फक्त आलेला निरोप लवकर पुसू देत नाही. मधुमेहात मुळात निरोपच क्षीण असतो, म्हणून अनेकांना गोळी हवी तशी लागू पडत नाही. तेव्हा आर्जिनिन किंवा त्याचं भावंड सिट्रुलिन जोडून बघावं, हा विचार डॉक्टरांनीही केला. काही चाचण्यांत एकट्या गोळीपेक्षा जोडीचा गुण थोडा बरा दिसला. पण त्या चाचण्या मोजक्या माणसांवरच्या आणि काही आठवड्यांच्याच होत्या. तेवढ्या बळावर स्वतःच्या मनाने डोस ठरवू नका.

'पावडर म्हणजे खाण्याचीच वस्तू, तिने काय होणार?' हा युक्तिवाद रोज ऐकू येतो. आर्जिनिन शेंगदाण्यातही आहे आणि सिट्रुलिन तापीकाठच्या टरबुजातही. ते खुशाल खा. पण डब्यातला चमचा म्हणजे ताटातली चटणी नव्हे. हार्ट अटॅक येऊन गेलेल्या १५३ रुग्णांवर अमेरिकेत आर्जिनिनची चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. आर्जिनिनच्या गटात ६ जण दगावले, दुसऱ्या गटात एकही नाही, आणि चाचणी मध्येच थांबवावी लागली. ज्यांना अटॅक येऊन गेलाय त्यांनी ही पावडर घेऊच नये.

गोळी आणि पावडर दोन्ही रक्तदाब उतरवतात. त्यात बीपीची औषधं किंवा प्रोस्टेटसाठीची टॅमसुलोसिन चालू असेल तर उभं राहताच डोळ्यांपुढे अंधारी येऊ शकते. मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा ४५ च्या आसपास असतो, अंगातलं पाणी आटलेलं असतं. तेव्हा हा धोका आणखी वाढतो.

सगळ्यात मोठा धोका मात्र जिभेखालच्या गोळीचा. सॉर्बिट्रेट घरोघरी असते, छातीत दुखलं की शेजारीसुद्धा आणून देतो. सिल्डेनाफिल घेतलेल्याच्या पोटात ती गेली तर रक्तदाब इतका कोसळू शकतो की जीव जावा.

गोळी 'लागत नाही' म्हणून पावडरकडे वळणाऱ्यांना एक विचारतो: भरीत-पार्टीत तेलाची तर्री ओरपून लगेच सिल्डेनाफिल घेतलीत का? तेलकट जेवणावर ती उशिरा आणि कमी चढते. एकदा घेऊन निकाल लावू नका, वेळ आणि मात्रा डॉक्टरांना विचारा. मुंबई-आग्रा महामार्गावरच्या टपरीवर मिळणाऱ्या 'शुद्ध आयुर्वेदिक' कॅप्सूलपासून तर चार हात लांबच राहा. अशा मालात वेष्टनावर न छापलेलं सिल्डेनाफिल निघाल्याची उदाहरणं देशोदेशी आहेत. ही गोळी शेड्यूल एचमधली आहे, चिठ्ठीशिवाय विकता येत नाही. आमच्यातलेही जे अशी विकतात, त्यांच्याकडे आग्रह धरू नका.

खरं तर या तक्रारीसाठी डॉक्टरांकडे जाण्यात वेगळाच फायदा आहे. लिंगाच्या रोहिण्या हृदयाच्या रोहिण्यांपेक्षा बारीक असतात, म्हणून आधी त्या तुंबतात. ताठरतेची तक्रार पुष्कळदा हृदयविकाराच्या काही वर्षं आधी सुरू होते. साखर, बीपी, कोलेस्टेरॉल तपासून घ्या, तंबाखू-विडी सोडा. जळगाव आणि धुळे दोन्हीकडे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. जाताना घरातल्या सगळ्या पुड्या, डबे, स्ट्रिप पिशवीत घालून न्या. नावं पाठ करण्याची गरज नाही.

भगिनींनाही विनंती. घरच्या माणसाच्या छातीत दुखलं तर १०८ ला फोन करा. दवाखान्यात मुलं-सुना भोवती असल्या की माणूस गोळीचं बोलत नाही. तुम्हाला ठाऊक असेल तर डॉक्टरांना बाजूला घेऊन गोळीचं नाव आणि घेतल्याची वेळ सांगा. सिल्डेनाफिलनंतर किमान २४ तास आणि टॅडालाफिलनंतर ४८ तास नायट्रेट, म्हणजे सॉर्बिट्रेटसारखी औषधं, देत नाहीत. दुसरे उपचार डॉक्टरांकडे असतात, फक्त त्यांना हे वेळेत कळलं पाहिजे.

— खान्देशातील एक औषधविक्रेता