गायक तोच, षड्ज निराळा

पुणे-मिरज लोहमार्गावर कोरेगाव हे एक स्थानक आहे. या मार्गाच्या दुसऱ्या टोकाला, मिरजेत, खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांनी दीर्घकाळ वास्तव्य केले. १९३७ साली दक्षिणेत त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांचा देह मिरजेसच आणण्यात आला. कोरेगावच्या रसिकाला त्यांचे गाणे आज ऐकावयाचे तर ध्वनिमुद्रणाखेरीज दुसरे साधन नाही. आणि नेमके तेथेच त्याची फसगत होण्याचा संभव आहे.

१९३०च्या दशकात ओडियन कंपनीने खाँसाहेबांच्या ध्वनिमुद्रिका काढल्या. लाखेच्या त्या तबकड्यांची एक बाजू जेमतेम तीन मिनिटांची. पुढे त्याच गाण्यांच्या लाँगप्ले, कॅसेटी आणि सीडी निघाल्या. या निरनिराळ्या आवृत्त्या कानाला निरनिराळ्या लागतात, ही रसिकांची तक्रार निव्वळ हौशी चोखंदळपणा म्हणून झटकून टाकता येणार नाही. मात्र दोष सीडीच्या छपाईचा नसतो. एकाच अंकीय प्रतीवरून काढलेल्या दोन सीडी सारख्याच वाजतात. फरक पडतो तो ही प्रत कशावरून केली यामुळे: मूळ धातूच्या साच्यावरून, की कोणाच्या तरी घरी सुईने झिजलेल्या तबकडीवरून?

त्याहून गंभीर प्रश्न वेगाचा. जुन्या तबकड्यांवर मिनिटाला ७८ फेरे असे लिहिले जाई; परंतु प्रत्यक्ष ध्वनिमुद्रण नेहमीच त्या वेगाने होत असे, असे नाही. ७४ फेऱ्यांनी मुद्रित झालेली तबकडी ७८ने वाजविली, तर तीन मिनिटांचे गाणे सुमारे नऊ सेकंद आधीच संपते आणि षड्ज जवळजवळ अर्ध्या स्वराने चढतो. म्हणजे काळी एकचे गाणे पांढरी दोनला जाऊन बसते! खरखर काढण्याच्या भरात तर तंबोऱ्याची झंकारही पुसली जाते. विद्यार्थी मात्र हेच प्रमाण मानून रियाज करतो.

अर्थशास्त्राच्या भाषेत हा माहितीच्या विषमतेचा प्रश्न होय. जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७०मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन तो मांडला: माल कसा आहे हे विकणाऱ्याला ठाऊक, घेणाऱ्याला नाही, अशा बाजारात हलका माल चांगल्याला हुसकावून लावतो. त्यात आपल्याकडे प्रकाशनानंतर साठ वर्षांनी ध्वनिमुद्रणावरील स्वामित्वहक्क संपतो. त्यामुळे ही गाणी कोणीही काढू शकतो. हे इष्टच आहे. परंतु कष्टाने चांगली तबकडी मिळवून वेग तपासणारा आणि हाताला लागेल त्यावरून नक्कल करणारा, हे दोघे एकाच भावाने विकले जातात. मग कष्ट कोण घेईल?

मिरजेच्याच तंबोऱ्याला २०२४मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ते वाद्य कोठले हे ग्राहकाला कळावे म्हणून. तोच तंबोरा ज्या ध्वनिमुद्रणात वाजतो, त्याच्या वेष्टनावर मूळ तबकडीचा क्रमांक, मुद्रणाचे वर्ष, लावलेला वेग आणि केलेली सफाई एवढ्या चार गोष्टी छापण्याची सक्ती का असू नये? त्याला खर्च तो किती! गायकाच्या छायाचित्राखाली दोन ओळी सहज मावतात. आता सीडीची दुकाने मिटत चालली आहेत आणि गाणे मोबाइलवर येऊ लागले आहे. तेथे वेष्टनच नाही. तेव्हा या चार गोष्टी गाण्याच्या नावाशेजारीच दिल्या गेल्या पाहिजेत.