भिंतीतली टीव्हीची तार आणि वळवाची वीज

घर बांधताना पाण्याचे पाइप, विजेची वायरिंग, सांडपाण्याची वाट यांचा आराखडा आधी होतो. टीव्हीची तार मात्र रंगकाम उरकल्यावर आठवते. मग गच्चीवरून एक काळी तार खाली सोडायची, खिडकीच्या चौकटीला भोक पाडून ती आत घ्यायची आणि खिळ्यांनी भिंतीला ठोकायची. राजारामपुरीतल्या अपार्टमेंटपासून शिवाजी पेठेतल्या जुन्या घरांपर्यंत हेच दिसते. पण ही तार गच्चीवरच्या धातूच्या वस्तूला थेट बैठकीच्या खोलीशी जोडते. त्यामुळे तिच्याकडे सुरक्षिततेच्या नजरेने पाहायला हवे. गेल्या काही वर्षांतल्या निर्णयांमुळे तर ते अधिकच गरजेचे झाले आहे.

काय बदलले?

छतावरच्या ॲल्युमिनियमच्या काड्यांचा अँटेना आता भंगारात गेला आहे. प्रसार भारतीने २०२१-२२ मध्ये टप्प्याटप्प्याने दूरदर्शनचे जुने ॲनालॉग प्रक्षेपण बंद केले. सीमावर्ती भागांतील मोजकी केंद्रे तेवढी ठेवली. जमिनीवरून डिजिटल प्रक्षेपण २०१६ मध्ये १६ शहरांत सुरू झाले. त्यात महाराष्ट्रातून मुंबई आणि तेव्हाचे औरंगाबाद होते, कोल्हापूर नव्हते. त्यामुळे इथल्या प्रेक्षकांपुढे केबल, डीटीएच, दूरदर्शनची मोफत 'फ्री डिश' आणि इंटरनेट एवढेच मार्ग उरले.

जानेवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारने भारतीय मानक ब्युरोचे एक नवे मानक जाहीर केले. टीव्ही संचातच उपग्रहाचा ट्यूनर बसवण्याचे हे मानक आहे. असा संच घेतला की मोफत वाहिन्यांसाठी वेगळा सेटटॉप बॉक्स लागणार नाही. (सशुल्क वाहिन्यांसाठी तो लागेलच.) बॉक्स गेला तरी डिश, तिच्या तोंडाशी असणारा एलएनबी आणि तिथून येणारी तार मात्र कायम राहते. दुसरीकडे, मोबाइलवर इंटरनेटशिवाय थेट टीव्ही पोहोचवण्याच्या 'डी टू एम' तंत्राच्या चाचण्याही झाल्या आहेत. ते तंत्र जमिनीवरच्या प्रक्षेपणावरच चालते. म्हणजे अँटेनाचा काळ कायमचा संपला असेही म्हणता येत नाही. तंत्र दहा वर्षांत बदलते. भिंतीतली तार मात्र तीस वर्षे तिथेच राहते. खरी अडचण ही आहे.

आग्नेयेला, साठ अंशांवर

फ्री डिशचा जीसॅट-१५ हा उपग्रह विषुववृत्तावर ९३.५ अंश पूर्व रेखांशावर स्थिर आहे. कोल्हापूर साधारण १६.७ अंश उत्तर अक्षांश आणि ७४.२ अंश पूर्व रेखांशावर. या दोन्हींवरून गणित मांडले, तर इथल्या डिशचे तोंड आग्नेयेला आणि क्षितिजापासून सुमारे ६० अंश वर हवे. याचा व्यावहारिक अर्थ असा, की आग्नेयेकडे मोकळे आकाश असेल तर डिशसाठी उंच खांबाची गरजच नसते. शेजारची इमारत चार मीटर लांब असेल आणि डिशपेक्षा सहा मीटर उंच असेल, तरी तिच्यावरून उपग्रह दिसतो. अनेकदा सज्जाची भिंतही पुरते. तरीही सवयीने गच्चीचा सर्वांत उंच कोपरा निवडला जातो आणि धोका तिथून सुरू होतो.

तारेचे अंकगणित

उपग्रहाकडून येणाऱ्या लहरी ११-१२ गिगाहर्ट्झच्या असतात. एवढ्या उच्च वारंवारितेच्या लहरी साध्या तारेतून फार लांब जात नाहीत. म्हणून एलएनबी त्यांना ९५० ते २,१५० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात उतरवतो. त्यासाठी लागणारी १३ किंवा १८ व्होल्टची वीज त्याच तारेतून बॉक्सकडून वर जाते. 'आरजी-६' जातीच्या २० मीटर तारेत ५०० मेगाहर्ट्झच्या आसपासच्या संदेशाची निम्मी शक्ती उरते. २,००० मेगाहर्ट्झच्या आसपास जेमतेम पाव. चांगल्या एलएनबीला एवढी घट सहज पेलते. चित्र अडखळते ते बहुधा सांध्यांमुळे. टेपने गुंडाळलेल्या जोडात एका पावसाळ्यात पाणी शिरते, तांबे हिरवे पडते. केबलचा जुना स्प्लिटर डिशला लावणे हीसुद्धा नेहमीची चूक. तो बहुधा १,००० मेगाहर्ट्झपर्यंतच काम करतो आणि एलएनबीची वीजही अडवू शकतो. दोन खोल्यांत दोन बॉक्स हवे असतील, तर दोन तोंडांचा एलएनबी आणि दोन स्वतंत्र तारा हाच सरळ उपाय.

जोराच्या पावसात चित्र जाते, त्यात तारेचा दोष नसतो. या लहरींची लांबी अडीच सेंटिमीटरच्या आसपास असते. काही मिलिमीटरचे टपोरे थेंब त्यांना शोषतात आणि विखुरतात. आषाढातल्या संथ झडीत टीव्ही चालू राहतो आणि वळवाच्या दहा मिनिटांच्या सरीत बंद पडतो, तो यामुळेच. ६० सेंटिमीटरऐवजी ९० सेंटिमीटरची डिश सव्वादोन पट संदेश गोळा करते; त्याने चित्र जाण्याचे प्रमाण कमी होते, पण थांबत नाही.

वीज कोणत्या वाटेने येते?

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२१ आणि २०२२ या दोन्ही वर्षांत देशात वीज पडून २,८०० हून अधिक माणसे दगावली. त्यांतील बहुतेक शेतात, झाडाखाली, उघड्यावर होती. घर त्या मानाने सुरक्षित असते, पण घराला बाहेरच्या धातूशी जोडणाऱ्या वाटा ते पूर्ण सुरक्षित राहू देत नाहीत. वीज डिशवरच पडावी लागते असे नाही. शे-दोनशे मीटरवर पडली तरी लांब तारेत क्षणभर मोठा दाब निर्माण होतो. तो टीव्हीत दोन वाटांनी शिरतो: विजेच्या प्लगमधून आणि डिशच्या तारेतून. लोक प्लग काढतात आणि तार तशीच ठेवतात. वळीव येण्याची चिन्हे दिसताच दोन्ही काढायला हवेत. गडगडाट सुरू झाल्यावर मात्र तारेला हातही लावू नये. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे 'दामिनी' ॲप आसपास पडणाऱ्या विजेची सूचना देते. ते पाहून आधीच उठावे.

कायमचा उपाय अर्थिंगचा. डिशचा खांब आणि तारेचे बाहेरचे जाळीदार आवरण घराच्या मुख्य अर्थिंगला जाड तांब्याच्या तारेने जोडावे. अंगणात वेगळी सळई ठोकून डिश तिला जोडणे आणि घराचे अर्थिंग निराळे ठेवणे हा अर्धवट उपाय उलट घातक ठरतो. वीज पडल्यावर या दोन अर्थिंगमध्ये हजारो व्होल्टचा फरक पडू शकतो, आणि तो फरक टीव्हीतून वाट काढतो. आंतरराष्ट्रीय मानकानुसार छताच्या कडेपासून दोन मीटरहून खाली आणि भिंतीपासून दीड मीटरच्या आत बसवलेल्या डिशला या जोडणीतून सूट आहे. सज्जाच्या भिंतीवरची डिश का बरी, याचे उत्तर यात आहे.

विजेचा दुसरा धोका आकाशातला नाही, महावितरणच्या तारांचा आहे. विजेच्या धक्क्याने देशात २०२१ मध्ये १२ हजारांहून अधिक मृत्यू झाले. इमारत आणि कमी दाबाची उघडी वाहिनी यांत आडवे १.२ मीटर आणि उभे २.५ मीटर अंतर असावे, असा नियम आहे. दाट पेठांमध्ये वाढीव मजल्यांनी ते अंतर कधीच गिळले आहे. अशा गच्चीवर लोखंडी पाइप उभा करणारा तरुण किंवा एका छतावरून दुसऱ्या छतावर तार फेकणारा कामगार खऱ्या धोक्यात असतो. पाइप आडवा पडला तरी वाहिनीला लागणार नाही, एवढे अंतर ठेवावे. ते मिळत नसेल तर जागा बदलावी.

एक भीती मात्र विनाकारण आहे. डिशमधून 'रेडिएशन' घरात येते असे म्हटले जाते. डिश काही प्रक्षेपित करत नाही. ती सुमारे ३६ हजार किलोमीटरवरून आलेला अत्यंत क्षीण संदेश गोळा करते, आणि तो डिश नसली तरी आपल्यावर पडतच असतो.

नवे घर बांधणाऱ्यांनी

भिंतीत तार पुरण्यापेक्षा रिकामा पाइप पुरावा. गच्चीपासून टीव्हीच्या प्रत्येक जागेपर्यंत किमान २५ मिलिमीटरचा पाइप, विजेच्या वायरिंगपासून वेगळा. त्यात आज दोन आरजी-६, एक इंटरनेटची कॅट-६ आणि पुढे कामी येईल अशी एक ओढदोरी. उद्या ट्यूनरचा टीव्ही आला, फायबर आला किंवा अँटेना परतला, तरी भिंत फोडावी लागणार नाही. अपार्टमेंटमध्ये प्रत्येक फ्लॅटची वेगळी डिश लावण्यापेक्षा एक सामाईक डिश आणि तिथून वाटणी हा मार्ग स्वस्तही पडतो आणि अर्थिंग एकाच ठिकाणी करता येते. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असावाच.

२०१९ आणि २०२१ मध्ये पंचगंगेने ४३ फुटांची धोका पातळी मागे टाकली, तेव्हा शाहूपुरी, नागाळा पार्क, सुतारवाडा पाण्यात होते. पुराच्या काळात बातमी पोहोचणे ही चैन राहत नाही. त्यामुळे तळमजल्यावरचे टीव्ही आणि इंटरनेटचे जोड गुडघाभर उंचीवर नकोत, छातीच्या उंचीवर हवेत. आणि वीज गेल्यावरही आकाशवाणी ऐकवणारा सेलवरचा रेडिओ घरात हवा. बांधकामाच्या एकूण खर्चात हा पाइप आणि अर्थिंगची तार यांचा हिस्सा नगण्य असतो. प्लास्टर होण्यापूर्वी त्याबद्दल विचारायचे, एवढेच घरमालकाने लक्षात ठेवावे.