एका तारेचे तीन आकडे

डहाणूच्या औष्णिक केंद्रातील २५० मेगावॉटच्या दोन संचांची वीज २२० केव्ही वाहिन्यांनी वर्सोवा आणि घोडबंदरकडे जाते. तारापूरहून गुजरातकडे जाणाऱ्या वाहिन्यांचा मार्गही डहाणू-तलासरीच्या याच पट्ट्यातला. किनाऱ्यालगत इन्सुलेटरवर मिठाचा थर बसतो, वाड्यांमध्ये ताडाची झाडे उंच वाढतात, आत तलासरीकडे काळा कातळ लागतो आणि जूनच्या तोंडावर विजा सुरू होतात. अशा मुलखात वाहिनीवर येणारा दोष बहुतेक वेळा एका फेजचा आणि जमिनीशी होणारा असतो. पावसाळ्यापूर्वीच्या तपासणीत डिस्टन्स रिलेचे अर्थ फॉल्ट सेटिंग सर्वांत आधी पाहिले पाहिजे, ते याच कारणाने.

दोन फेजमधल्या दोषाचे अंतर मोजायला रिलेला पॉझिटिव्ह सिक्वेन्स इंपिडन्स पुरतो. जमिनीच्या दोषात करंट माती आणि अर्थवायरमधून परततो, म्हणून के-झिरो हा भरपाईचा गुणक द्यावा लागतो. २२० केव्हीच्या सिंगल झेब्रा वाहिनीची नेहमीची आकडेवारी घ्या : पॉझिटिव्ह सिक्वेन्सचा रोध ०.०७४९ आणि रिअॅक्टन्स ०.३९९२ ओहम प्रति किमी. झिरो सिक्वेन्सचे तेच आकडे ०.२२०० आणि १.३३९२. दोन्ही इंपिडन्समधील फरकाला पॉझिटिव्ह सिक्वेन्सच्या तिपटीने भागले, तर के-झिरो ०.७८ येतो. काही रिले तिपटीने भागत नाहीत. तिथे तोच गुणक २.३४ होतो. काही रिले नुसते गुणोत्तर मागतात, ते ३.३४. काहींना रोध आणि रिअॅक्टन्सचे गुणक वेगवेगळे हवे असतात : ०.६५ आणि ०.७८. तार एकच आणि हे सगळे आकडे बरोबरच, पण प्रत्येक आकडा फक्त आपापल्या रिलेत.

०.७८ मागणाऱ्या रिलेत २.३४ भरला गेला तर काय होते? फेजमधला करंट आणि रेझिडुअल करंट सारखे धरले, तर १.७८ ने भागायचे तिथे रिले ३.३४ ने भागतो. दोष आहे त्याच्या ५३ टक्केच अंतरावर दिसतो. ८० टक्क्यांवर ठेवलेला झोन-१ वाहिनीच्या दीडपट इंपिडन्सपर्यंत पोहोचतो आणि पलीकडच्या वाहिनीचा दोष आपल्या वाहिनीला क्षणात ट्रिप करतो. उलट चूक झाली, तर झोन-१ ची पोहोच ५७ टक्क्यांवर येते आणि उरलेल्या भागातला दोष झोन-२ च्या विलंबाने सुटतो. फेज दोषांची चाचणी मात्र दोन्ही वेळा निर्दोष उत्तीर्ण होते. म्हणून सेकंडरी इंजेक्शनमध्ये एका फेजचा अर्थ फॉल्ट प्रत्येक झोनसाठी वेगळा तपासलाच पाहिजे.

दुसरा मुद्दा एकाच टॉवरवरच्या दोन सर्किटांचा. शेजारचे सर्किट चालू असताना परस्पर प्रेरणेमुळे दोष सहसा दूर भासतो. तेच सर्किट दुरुस्तीसाठी दोन्ही टोकांना अर्थ केले की दोष जवळ भासतो. झोन-१ या दुसऱ्या स्थितीत पुढे जाणार नाही आणि झोन-२ पहिल्या स्थितीतही पलीकडच्या बसपर्यंत पुरेल, असे पाहावे. दुहेरी सर्किटांसाठी झोन-२ ला १५० टक्क्यांची पोहोच सुचवली जाते, ती यासाठीच.

तिसरा मुद्दा दोषाच्या रोधाचा. १००० अँपिअरच्या तीन मीटर लांब आर्कचा रोध वॉरिंग्टनच्या सूत्राने सुमारे साडेपाच ओहम येतो. त्यात टॉवर फूटिंगचा रोध मिळवावा लागतो. तो १० ओहमच्या आत असावा, असा आपला दंडक आहे; कातळावर तो पाळणे कठीण जाते. शिवाय समोरच्या टोकाकडून येणारा करंट हा रोध रिलेला फुगवून दाखवतो. तरीही रेझिस्टिव्ह रीच हवी तेवढी वाढवता येत नाही, कारण पुढे लोड आहे. ३० जुलै २०१२ च्या उत्तर भारतातील अंधाराची सुरुवात बिना-ग्वाल्हेर वाहिनीच्या झोन-३ मध्ये लोड शिरल्यामुळे झाली होती. झाडाला टेकलेल्या तारेचा मोठ्या रोधाचा दोष डिस्टन्स घटकावर सोपवू नये. ते काम डायरेक्शनल अर्थ फॉल्ट रिलेचे.

मातीचाही विचार व्हावा. झिरो सिक्वेन्सचे गणित बहुधा १०० ओहम-मीटर रोधकता धरून केले जाते. खाजणात ती याहून खूप कमी आणि कातळात खूप जास्त असते. रोधकता दहापट झाली, तर अर्थवायरचा परिणाम सोडून झिरो सिक्वेन्स रिअॅक्टन्स किलोमीटरमागे सुमारे ०.२ ओहमने वाढतो. म्हणून नवी वाहिनी चार्ज करण्यापूर्वी, किंवा जुनीचा मार्ग बदलल्यावर, इंपिडन्स प्रत्यक्ष मोजावा.

सीमेवरच्या वाहिनीची दोन टोके दोन संस्थांकडे असतात आणि रिलेही वेगळ्या कंपन्यांचे असू शकतात. अशा वेळी ‘तुमचा के-झिरो किती?’ एवढे विचारणे अपुरे आहे. सेटिंग शीटवर चारही मूळ आकडे, दोन सर्किटांमधला म्युच्युअल इंपिडन्स आणि वापरलेले सूत्र लिहिलेले असावे. दोन्ही टोकांच्या अभियंत्यांनी एकमेकांची शीट तपासून सही करावी. चाचणी विभागातल्या प्रत्येक वाचकाला आमची विनंती आहे : पहिला पाऊस येण्यापूर्वी आपल्या अखत्यारीतील प्रत्येक वाहिनीचा के-झिरो मूळ आकड्यांवरून पुन्हा काढा आणि रिलेतल्या आकड्याशी ताडून पाहा.