घरकाम हा व्यायाम नव्हे!

माझ्या अक्काची अँजिओप्लास्टी झाली. घरी सोडायच्या दिवशी मी तिच्याजवळच होते. त्याच दिवशी पुरुषांच्या वॉर्डातल्या एका काकांनाही सोडलं. त्यांच्या कार्डावर गोळ्यांखाली लिहिलं होतं : फिजिओथेरपी विभागात देखरेखीखाली व्यायाम, आठवड्यातून तीनदा. अक्काच्या कार्डावर नुसत्या गोळ्या. मी विचारलं तर उत्तर मिळालं, "त्यांना घरकाम असतंच की! तेवढा व्यायाम पुरे."

हे म्हणणाऱ्या डॉक्टर बाई होत्या. मैत्रिणींनो, मला लागलं ते हे.

बाईला बाई डॉक्टर मिळाली की निम्मी लढाई जिंकली, असं मीच शिबिरांतून सांगत आले आहे. ते अगदीच खोटं नाही. अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात १९९१ ते २०१० या काळातल्या हार्ट अटॅकच्या सुमारे ५ लाख ८० हजार रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या. पुरुष डॉक्टरांकडे गेलेल्या बायका जगण्याचं प्रमाण बाई डॉक्टरांकडे गेलेल्यांपेक्षा कमी होतं. मात्र ज्या पुरुष डॉक्टरांच्या आसपास बाई डॉक्टर जास्त, त्यांच्या हातून ही तफावत कमी झाली होती. म्हणजे बाई डॉक्टर हव्यातच. पण त्यांच्या भरवशावर राहायचं का? त्याही आपल्यासारख्याच घरांत वाढल्या, आणि बाईचं काम हा तिचा व्यायाम हे त्यांनीही लहानपणापासून ऐकलं.

धुणं, पाणी, भाकऱ्या यांत नाडी कोण मोजतं? धाप लागली तर थांब कोण म्हणतं? हृदय-पुनर्वसन म्हणजे बेताबेताने वाढवलेला व्यायाम, बीपीवर लक्ष, आहार, आणि मनातली भीती बोलायला जागा. अमेरिकेतच १९९२ साली ६२ वर्षांवरच्या रुग्णांचा अभ्यास छापून आला. पुरुषांपैकी २५ टक्के या व्यायामाला गेले, बायकांपैकी १५ टक्के. मुख्य कारण? डॉक्टरांनी पुरुषांना आग्रहाने सांगितलं, बायकांना तितक्या आग्रहाने नाही. ज्या गेल्या त्यांना फायदा पुरुषांइतकाच झाला. आणि तरी म्हणायचं, बायकाच उत्साही नसतात!

कॅनडातल्या ओंटॅरिओ प्रांतातल्या ११ रुग्णालयांचा अनुभव २०११ साली प्रसिद्ध झाला. डॉक्टरांच्या मर्जीवर सोडलं तिथे शंभरातल्या ३२ रुग्णांना चिठ्ठी मिळाली. जिथे चिठ्ठी आपोआप निघत होती आणि खाटेपाशी येऊन कुणी समजावतही होतं, तिथे ८६ जणांना. तिथे डॉक्टर बाई की बुवा, हा प्रश्नच फारसा उरत नाही.

म्हणून मागणी साधी आहे : ही ओळ प्रत्येक कार्डावर छापलेलीच हवी. नको असेल तर डॉक्टरांनी ती खोडावी आणि का खोडली ते लिहावं. तालुक्याला सोय कुठे आहे, असं कुणी म्हणेल. खरं आहे. पण जिथे सोय होती तिथेही अक्काला ती कुणी सांगितली नाही. शिवाय वेळ सकाळी पाणी येण्याची नको, आणि एसटीचं भाडं कोण देणार तेही बोलावं लागेल.

तुमच्या गटातल्या बायकांची कार्डं बाहेर काढा. गोळ्यांच्या खाली काय लिहिलंय ते वाचा, आणि आम्हाला कळवा.