सर्पगंधा निर्धोक नव्हे

सर्पगंधेने रक्तदाब उतरतो हे खरे. पण ‘वनस्पती म्हणून ती निर्धोक’ हे मागील अंकातील पत्रातले विधान घातक आहे. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मधून तिचा गुण जगापुढे मांडला. तिच्या मुळातले रेसरपिन १९५२ मध्ये वेगळे काढले गेले. अनुकंपी चेतातंतूंच्या टोकांशी नॉरअ‍ॅड्रेनलिनच्या इवल्या पिशव्या असतात. रेसरपिन त्या पुन्हा भरूच देत नाही. साठा आटला की रक्तवाहिन्या सैलावतात, नाडी मंदावते, नाकही चोंदते. मात्र मेंदूतला साठाही असाच आटतो. म्हणून सुस्ती येते, जास्त मात्रेत मन खचू शकते. नैराश्याच्या रुग्णाला तर रेसरपिन वर्ज्यच. डॉक्टरांची गोळी परस्पर थांबवून मुळीची पूड घेण्याचा त्या पत्रातला सल्ला म्हणूनच मागे घ्यायला हवा.