प्रवाळाचा राखणदार

मुलांनो, आपल्या धाराशिव जिल्ह्यापासून समुद्र फार दूर आहे. तथापि नवरत्नांतील पोवळे तुम्हांला ठाऊक असेल. ते एका जातीच्या प्रवाळाचेच होय. प्रवाळ म्हणजे निर्जीव दगड नव्हे. असंख्य सूक्ष्म जीव एकत्र राहून चुन्याची घरे बांधतात आणि त्यांतूनच उष्ण समुद्रात प्रवाळभित्ती उभ्या राहतात. आपल्या सिंधुदुर्ग किल्ल्याजवळही प्रवाळ आहे. तेथील सागरी जीवांच्या रक्षणासाठी १९८७ साली मालवणचे सागरी अभयारण्य निर्माण झाले.

प्रशांत महासागरातील फिजी बेटांजवळ प्रवाळाच्या फांद्यांत गोबी नावाचा मासा राहतो. त्याची लांबी जेमतेम इंचभर. तेथे एक विषारी हिरवे शैवाल वाढते. त्याचा स्पर्श झाला की प्रवाळाचा तेवढा भाग मरू लागतो. अशा वेळी काय घडते, हे अमेरिकेतील दोन शास्त्रज्ञांनी २०१२ साली प्रसिद्ध केले. शैवाल भिडताच प्रवाळाकडून पाण्यात एक द्रव्य पसरते. त्याचा वास लागताच पंधरा मिनिटांच्या आत गोबी धावून येतो आणि ते शैवाल कुरतडू लागतो. जणू शेतातील खुरपणीच! तीन दिवसांत शैवाल सुमारे ३० टक्क्यांनी घटले व प्रवाळाची हानी ७० ते ८० टक्क्यांनी कमी झाली. त्याच प्रवाळात आसरा घेणारे दुसऱ्या जातीचे मासे मात्र हे काम करीत नाहीत.

कोणी म्हणेल, "यात कसला मोठेपणा? गोबी स्वतःच्या घरासाठीच झटतो." हे खरे आहे. प्रवाळ त्याला आसरा देतो, अन्नही देतो. परंतु माझ्या मते म्हणूनच हे उदाहरण आपल्या उपयोगाचे आहे. संतांचा त्याग सर्वांना साधणार नाही. पण ज्याच्या आधाराने आपण जगतो ते राखणे सर्वांना साधेल.

आपल्या जिल्ह्यात पावसाचा भरवसा नाही. गावचा पाणवठा हाच आपला प्रवाळ. तेथे कचरा दिसला, की "हे काम ग्रामपंचायतीचे," असे म्हणून आपण पुढे जातो. ग्रामपंचायतीने आपले काम केलेच पाहिजे. परंतु कचरा प्रथम दिसतो तो रोज पाण्याला जाणाऱ्यालाच. शेतकऱ्याच्या मुलांना हे सांगावयास नको. कोवळे तण हाताने उपटता येते. कुंदा माजला, की खोल नांगरट करावी लागते.

गोबीचे बळ त्याच्या देहात नाही, तत्परतेत आहे. म्हणून "मी लहान, माझ्याने काय होणार?" असे म्हणून थांबू नका. पाणवठ्याच्या काठावर पडलेली एक पिशवी उचलावयास मोठे होण्याची वाट पाहावी लागत नाही.