नव्या यंत्रांच्या बातम्या आणि आमची जुनी अक्षरे

सप्टेंबर महिना आला की वर्तमानपत्रांच्या आतल्या पानावर अमेरिकेतल्या ॲपल कंपनीचा नवा फोन झळकतो. गेल्या वर्षीच्या फोनापेक्षा तो किती पातळ, त्याचा कॅमेरा किती भेदक, त्याला रंग किती, एवढे सांगून बातमी संपते. किंमत वाचून घरातली वडीलधारी माणसे पान उलटतात आणि मुले तीच बातमी आपल्या फोनवर पुन्हा वाचतात. महिन्याभराने दुसऱ्या कंपनीचा फोन येतो आणि तेच शब्द, तीच विशेषणे, केवळ नाव बदलून छापली जातात.

या बातम्यांविरुद्ध आम्हांस काही लिहावयाचे आहे. मात्र आमची तक्रार अनभिज्ञाची नव्हे. १९९५ सालच्या ३१ जुलैला कोलकात्याहून दिल्लीला देशातला पहिला मोबाइल फोन लागला, १५ ऑगस्टला सर्वसामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट खुले झाले आणि २४ ऑगस्टला विंडोज ९५ बाजारात आले. पंचवीस दिवसांत तीन युगे उघडली. तेव्हापासून आम्ही या विषयाचे निष्ठावंत वाचक आहोत. जळगावच्या रेल्वे स्थानकावर इंग्रजी संगणक मासिकाचा अंक आला का, हे पाहण्यासाठी गाडी पकडायची नसतानाही फलाटावर जाणारी माणसे आम्हांस ठाऊक आहेत. धुळ्याला तर पुष्कळदा शिळा अंक मिळे, आणि शिळ्या अंकातला प्रोसेसरही ताजाच वाटे. त्या वाचनात निर्मळ आनंद होता व आजही आहे. आमचे म्हणणे एवढेच की बातमी म्हणून आमच्यापुढे जे वाढले जाते ते बहुतांशी दुकानाचे दरपत्रक असते, आणि खानदेशातल्या माणसाला त्या यंत्राविषयी जे विचारावयाचे असते ते त्यात कधीच विचारलेले नसते.

साधे उदाहरण घेऊ. ॲपल कंपनीच आपल्या फोनाविषयी लिहून ठेवते की तो शून्य ते ३५ अंश सेल्सिअस तापमानाच्या वातावरणात वापरावा. जळगाव-भुसावळचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या आसपास जातो. म्हणजे उन्हाळ्याची कित्येक दुपारे हे यंत्र आमच्या हाती त्याच्या निर्मात्याने आखलेल्या मर्यादेच्या बाहेर असते. बॅटरी लवकर दमते, पडदा आपोआप मंदावतो, कधी फोन स्वतःच विश्रांती मागतो. केळीच्या बागेत उभा राहून व्यापाऱ्याशी भाव ठरविणाऱ्या शेतकऱ्याला कॅमेऱ्याच्या भिंगांची संख्या अधिक मोलाची की ही माहिती? तरीही फोन भर उन्हात नेऊन पाहिला, असे सांगणारे मराठी परीक्षण आमच्या तरी वाचनात आलेले नाही.

दुरुस्तीचेही तसेच. युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून नियम लागू केला की तेथे विकल्या जाणाऱ्या स्मार्टफोनवर दुरुस्तीच्या सोयीचा दर्जा छापलेला असावा, सुटे भाग विक्री थांबल्यानंतरही सात वर्षे मिळावेत आणि प्रणालीच्या सुधारणा किमान पाच वर्षे द्याव्यात. आपल्या केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार खात्यानेही दुरुस्तीच्या हक्कासाठी २०२२ साली समिती नेमली. या दोन गोष्टी म्हणजे खऱ्या बातम्या होत. जळगावच्या गोलाणी मार्केटात बसून भिंगाखाली बोटभर पाटीवरचे तांब्याचे धागे जोडणाऱ्या कारागिराचे पोट, आणि त्याच्याकडे जुना फोन घेऊन जाणाऱ्या कुटुंबाची बचत, दोन्ही त्यांच्यावर अवलंबून आहेत. पण नव्या फोनाच्या रंगाला अर्धे पान मिळाले, तर या नियमांना दोन ओळी मिळाल्या नाहीत.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित आधार काढून घेतला. सुरक्षेच्या सुधारणा आणखी काही काळ मिळविण्याची सोय ठेवली, पण ती मर्यादित काळापुरतीच. विंडोज ११ साठी टीपीएम २.० नावाची सुरक्षा-सोय आणि बऱ्यापैकी अलीकडचा प्रोसेसर लागतो. ज्या यंत्रात ते नाही, ते धडधाकट असूनही कालबाह्य ठरले. शाळांच्या संगणक-कक्षांत, छोट्या छापखान्यांत, धर्मग्रामाच्या कार्यालयांत अशी यंत्रे आजही मुकाट्याने काम करीत आहेत. त्यांवर लिनक्ससारखी विनामूल्य प्रणाली चालू शकते आणि तीत मराठी उत्तम लिहिता येते, हे सांगणे वार्ताहराचे कर्तव्य नव्हते काय? ‘नवा संगणक घेण्याची वेळ आली’ असा मथळा देणाऱ्याने वार्ताहर आणि विक्रेता यांच्यातली भिंत पाडून टाकली आहे.

परंतु हे सारे पैशांचे प्रश्न झाले. पैसा आज जातो, उद्या येतो. आमच्या मते या बातमीदारीने केलेली सर्वांत मोठी हेळसांड अक्षरांची आहे, आणि त्याविषयी आम्हांस जरा विस्ताराने लिहिले पाहिजे.

संगणकाला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. कोणत्या अक्षराला कोणता आकडा, हे साऱ्यांनी मिळून ठरविले तरच एका यंत्रावर लिहिलेले दुसऱ्यावर वाचता येते. भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ नावाचे प्रमाण १९८८ साली सिद्ध झाले, १९९१ साली त्याला भारतीय मानकाचा दर्जा मिळाला. पुण्याच्या सी-डॅक संस्थेने त्यासाठी केलेले काम मोठे आहे. त्याच १९९१ साली युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली आणि तिने देवनागरीची मांडणी इस्कीवरूनच घेतली. तीत ‘क’ म्हणजे २३२५ आणि ‘ळ’ म्हणजे २३५५, मग यंत्र जळगावचे असो की जपानचे. पण बाजारातल्या फॉन्टांनी वेगळी वाट धरली. त्यांनी रोमन अक्षराच्या आकड्यावर आपल्या अक्षराचे चित्र चिकटविले. प्रत्येक कंपनीने आपापल्या मर्जीने चिकटविल्यामुळे एकाचा ‘क’ दुसऱ्याकडे गेला की भलतेच चिन्ह होई. श्री-लिपीत जुळविलेला मजकूर ती नसलेल्या यंत्रावर उघडून पाहावा. रोमन अक्षरे, अंक आणि विरामचिन्हे यांची अशी खिचडी दिसते की आपण लिहिले ते मराठी होते यावर विश्वास बसू नये.

१९९० नंतरची दहा-पंधरा वर्षे महाराष्ट्रातली बहुतेक नियतकालिके, स्मरणिका, प्रार्थनापुस्तिका आणि गायनपुस्तिका याच रीतीने जुळविल्या गेल्या. पेजमेकर नावाच्या प्रणालीत पाने लावली जात आणि फ्लॉपीवर भरून छापखान्यात नेली जात. पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती २००१ साली निघाली. फ्लॉपी बनविणाऱ्या कंपन्यांपैकी सोनीने तिची विक्री २०११ साली थांबविली. युनिकोडप्रमाणे देवनागरी दाखविण्याची सोय विंडोजमध्ये २००० सालीच आली होती, तरी जुळारी, संपादक आणि छापखाने जुन्या फॉन्टांना पुढे कित्येक वर्षे चिकटून राहिले. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांना कुणी सांगितलेच नव्हते. सांगणे ज्यांचे काम होते ते त्या वर्षी प्रोसेसरचे मेगाहर्ट्‌झ मोजत होते.

धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात जाऊन पाहावे. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ साली गेले. गावोगाव वणवण करून, माळ्यावरची दप्तरे उघडून त्यांनी जमविलेले कागद आजही वाचता येतात. दोन-अडीचशे वर्षांपूर्वीच्या कारकुनाची मोडी, थोडा अभ्यास केला की, आपल्याशी बोलू लागते. आणि १९९६ साली फ्लॉपीवर भरलेला नाताळ अंक? फ्लॉपी वाचणारे यंत्र मिळाले तर प्रणाली मिळत नाही, प्रणाली मिळाली तर फॉन्ट मिळत नाही, आणि तिन्ही मिळाली तर फ्लॉपीला बुरशी लागलेली असते. तीस वर्षांत आपण अडीचशे वर्षांच्या मागे गेलो. याला प्रगतीची बातमी म्हणावयाचे असेल तर शब्दांचे अर्थ बदलावे लागतील.

आमच्या वाचकांना या गोष्टीचे एक विशेष दुःख कळावे. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६०८ साली रोमला आपल्या संघाच्या श्रेष्ठींना पत्र लिहून कळविले होते की या देशाच्या भाषेत आणि याच देशाच्या अक्षरांत ग्रंथ छापावेत अशी आपली अनेक वर्षांची इच्छा आहे. पण युरोपात चोवीस साचे पुरतात तेथे येथे सुमारे सहाशे पाडावे लागतील, ही अडचण आहे. साचे झाले नाहीत. मराठी भाषेची थोरवी गाणारे त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूरला छापले गेले ते रोमन लिपीत. देवनागरी अक्षरांत त्याची आवृत्ती निघावयास १९५६ साल उजाडावे लागले. तीनशे चाळीस वर्षे एक मराठी महाकाव्य परक्या लिपीत थांबून राहिले, कारण यंत्राला आपले अक्षर ठाऊक नव्हते.

आज ते यंत्राला ठाऊक आहे. फोनात मराठी कळफलक आहे, बोललेले लिहून घेण्याची सोयही आहे. आणि तरी उद्या मिस्सा किती वाजता, हा निरोप आमच्या घरांतली तरुण मंडळी रोमन अक्षरांत पाठवितात! स्टीफन्सना साचे मिळाले नाहीत. आम्हांला ते फुकट मिळाले आहेत आणि आम्ही ते काढून पाहत नाही. कळफलक कोठे दडला आहे, तो कसा लावावा, हे सांगणारा अर्ध्या पानाचा लेख नव्या फोनाच्या कौतुकापेक्षा शंभर पटींनी उपयोगी पडला असता.

कुणी म्हणेल, युनिकोड आले, प्रश्न सुटला. इतके सोपे नाही. मराठीतला ‘ॲ’ घ्या. या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतःचा आकडा मिळाला तो २००८ साली. तोवर ‘अ’वर चंद्र ठेवून काम भागविले जाई आणि शोध घेताना एकच शब्द दोन ठरत. मराठी ‘ल’ आणि ‘श’ यांची वळणे हिंदीहून निराळी आहेत. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठी वर्णमाला निश्चित केली, तरी आजही पुष्कळ फोनांवर आपल्याला हिंदी वळणाचाच ‘ल’ वाचावा लागतो. पहिलीतले मूल वर्गात एक ‘ल’ गिरविते आणि घरी फोनवर दुसरा पाहते. ही बातमी नव्हे काय?

आणि अहिराणीचे काय? २०११ च्या जनगणनेत खानदेशी या नावाखाली सुमारे १८ लाख ६० हजार लोकांची नोंद झाली. त्यांतले बहुतेक अहिराणी बोलणारे. फोन विकणाऱ्या कंपन्यांच्या भाषांच्या याद्या आम्ही उत्सुकतेने चाळीत आलो आहोत. त्यांत अहिराणी आम्हांस आढळली नाही. ‘मन्हा’ लिहावयास गेलो की यंत्र भलताच शब्द पुढे करते, जणू आपल्या आजीने आयुष्यभर चुकीचेच बोलून घेतले. असोद्याच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हते; त्यांच्या ओठांवरची गाणी मुलाने, सोपानदेवांनी, उतरून घेतली आणि १९५२ साली, त्यांच्या मृत्यूनंतर, ती पुस्तकरूपाने आली. उतरून घेणाऱ्याने तिथे एकेक शब्द ‘शुद्ध’ केला असता तर महाराष्ट्राला बहिणाबाई कळल्या असत्या का? जे काम त्या घरात प्रेमाने आणि मान राखून झाले, तेच आज फोनाच्या हाती आहे, आणि फोनाला आपल्या बोलीचा मान राखावयास कुणी शिकविलेले नाही.

येथे एक दुसरा पक्ष पुढे येतो. ‘फोनांनी मुले बिघडली, त्यांच्या बातम्या वाचताच कशाला?’ असे तो म्हणतो. प्रवचनापासून पालक-सभेपर्यंत हा सूर आपण ऐकतो. त्यामागची काळजी खरी आहे. आम्ही तिला हसत नाही. पण जे यंत्र घराघरांत येऊन बसले आहे त्याची माहितीच नको म्हणणे म्हणजे त्याची लगाम विक्रेत्याच्या हाती देणे होय. २९ सप्टेंबर २०१० रोजी ‘आधार’ची सुरुवात झाली ती दिल्ली-मुंबईत नव्हे, तर नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या गावी. १९९८ पर्यंत तो मुलूख धुळे जिल्ह्यातच होता. बोटांचे ठसे आणि बुबुळांची चित्रे घेणारे यंत्र देशात सर्वांआधी खानदेशातल्या एका खेड्यात पोहोचले. दुसऱ्या दिवशी बातमी आली ती पंतप्रधान आले, सोनिया गांधी आल्या, याची. शेतात राबून ज्यांच्या बोटांच्या रेषा झिजल्या आहेत त्यांचा ठसा यंत्राने ओळखला नाही तर रेशनचे काय, हा प्रश्न तंत्रज्ञानाचा आहे असे कुणाला वाटलेच नाही. टेंभलीच्या माणसाला ‘बातम्या वाचू नका’ असे सांगून त्याचे काय भले होणार?

म्हणून आमची मागणी साधी आहे. नव्या यंत्राची बातमी छापणाऱ्याने पाच गोष्टी सांगितल्याखेरीज आम्ही तिला बातमी म्हणणार नाही: हे आमच्या उन्हात टिकेल का, ते जळगाव-धुळ्यात दुरुस्त होईल का, त्याला सुधारणा किती वर्षे मिळतील, त्यावर मराठी मराठीसारखी दिसेल का, आणि आज त्यात लिहिलेले आमच्या नातवंडांना वाचता येईल का. कॅमेऱ्याचे कौतुक त्यानंतर करावे; आम्ही तेही आवडीने वाचू.

दरम्यान एक काम वार्ताहरांची वाट न पाहता होण्याजोगे आहे. अनेक घरांत, मंडळांच्या कपाटांत, बंद पडलेल्या छापखान्यांच्या मागच्या खोल्यांत जुन्या स्मरणिकांच्या आणि गायनपुस्तिकांच्या फ्लॉप्या व सीड्या पडून आहेत. जुन्या फॉन्टांतला मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारी साधने उपलब्ध आहेत. जोडाक्षरे आणि रफार तपासावे लागतात, पण काम होते. ज्या छापखान्यात पेजमेकर चालणारे एखादे जुने यंत्र अजून जिवंत असेल, त्याच्या मालकाने ते भंगारात देण्यापूर्वी आपल्या धर्मग्रामात एक शब्द टाकावा.